गोड्या पाण्यातले बारीक वलयांकित कृमी: मुंबईत शोधायचे, ओळखायचे आणि पाळायचे कसे

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बादलीतल्या ‘किड्या’चा फोटो पडला की टाकी धुण्याची मागणी, प्लंबरचा नंबर आणि पोट बिघडल्याच्या तक्रारी एकामागोमाग येतात. फोटोतला प्राणी कोण, हे मात्र कुणी विचारत नाही. तो कधी एखाद्या माशीची अळी असतो, कधी गोलकृमी, तर कधी खरोखरच गांडुळाचा पाण्यातला चुलतभाऊ. हा चुलतभाऊ एखाद्या मिलिमीटरपासून काही सेंटिमीटरपर्यंत लांब असतो. त्याचं अंग वलयावलयाचं असतं आणि प्रत्येक वलयावर बारीक रोम असतात.

हा लेख या चुलतभावांसाठी आहे. घरी फिशटँक असलेल्यांना, प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आणि शाळेतला सूक्ष्मदर्शक कपाटात धूळ खातोय याची रुखरुख असलेल्या शिक्षकांना तो उपयोगी पडावा. माझा आग्रह एकच आहे: हे प्राणी जिवंत असताना बघायचे. कॉलेजात पहिल्या तासाला नमुना फॉर्मॅलिनमध्ये बुडवून मग ओळखायला बसतात, ते मला पटत नाही. फॉर्मॅलिनमध्ये शेपटीचे कल्ले आक्रसतात, रंगीत थेंब जातात, केसलांचा, म्हणजे अंगावरच्या सूक्ष्म हलत्या केसांचा, प्रवाह थांबतो. अल्कोहोलमध्ये डोळ्यांचे ठिपकेसुद्धा फिके पडतात. म्हणजे ओळखीच्या निम्म्या खुणा आपणच पुसून टाकतो.

साहित्य

एक उथळ पांढरा ट्रे, चहाची गाळणी, रुंद तोंडाच्या तीन-चार काचेच्या बरण्या, ड्रॉपर, दहा पट मोठं दाखवणारं भिंग, टॉर्च. सूक्ष्मदर्शक कॉलेजात असतो तसा साधा, ४, १० आणि ४० च्या भिंगांचा चालेल. तो नसेल तर कागदी फोल्डस्कोप घ्या. तो १४० पट मोठं दाखवतो आणि तेवढ्यात कृमीचं आतडं, रक्तवाहिनी आणि लांब रोम व्यवस्थित दिसतात. मोबाइलचा कॅमेरा नेत्रिकेवर (डोळा लावायच्या भिंगावर) धरून व्हिडिओ घ्यायची सवय लावून घ्या. प्राणी हलत असतो, त्यामुळे रोम मोजायचे तर थांबवलेला व्हिडिओच कामाला येतो.

कुठे शोधायचं, कुठे नाही

सुरुवात घरातून करा. फिशटँकचा स्पंज फिल्टर ट्रेमध्ये पिळला की बहुतेक वेळा काम होतं. बाल्कनीतली कमळाची कुंडी, महिनोन्‌महिने पाणी न बदललेली मनीप्लांटची बाटली, सोसायटीच्या बागेतलं शोभेचं तळं, या जागाही उत्तम. खडीच्या फटीत साचलेला काळपट गाळ आणि पाणवनस्पतींच्या मुळांवरची बुळबुळीत साय, ही या मंडळींची आवडती ठिकाणं.

दुसरी सोपी जागा म्हणजे क्रॉफर्ड मार्केटची किंवा कुर्ल्याची ॲक्वेरियमची दुकानं. तिथे माशांचं खाणं म्हणून विकलं जाणारं ‘ट्युबीफेक्स’ मागितलं की लाल दोऱ्यांचा गुंता पाण्यासकट पिशवीत मिळतो. नीट बघितलं तर त्या गुंत्यात एकच जात क्वचित असते.

पवई तलावाच्या काठावर जलपर्णीची मुळं तुम्हाला खुणावतील. तिथे मगरी आहेत, सांडपाणीही येतं. पाण्याच्या कडेला उकिडवं बसून हात घालायचा नाही. लांब काठीने एखादं झाड ओढता आलं तर बघा, नाहीतर सोडून द्या. विहार आणि तुळशी तलाव पिण्याच्या पाण्याचे आहेत आणि राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतात. तिथून परवानगीशिवाय काहीच उचलता येत नाही, कृमीसुद्धा नाही. वाळकेश्वरच्या बाणगंगेच्या पवित्र तळ्यात बरणी बुडवणं मला बरं वाटत नाही, त्याला कायद्याची गरज नाही. मिठी नदीचा तर विचारच नको. त्यापेक्षा वसई, उत्तन किंवा कर्जतकडे कुणाच्या शेतातलं डबकं, विहिरीचा पाट, भातखाचराचा कोपरा मालकाला विचारून बघा. तिथे विविधता खूपच जास्त मिळते.

पावसाळ्यात रस्त्यावर तुंबलेल्या किंवा नाल्याच्या पाण्यात नमुन्यासाठी उतरू नका. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पायावरच्या छोट्या जखमेतूनही शिरतात. एरवीही रबरी हातमोजे घाला आणि घरी आल्यावर साबणाने हात धुवा. पाऊस ओसरून पाणी निवळल्यावर, दिवाळीपासून होळीपर्यंत, शोधायला सर्वांत मजा येते.

गोळा करण्याची रीत

मुळं किंवा शेवाळ ट्रेमध्ये त्याच जागेच्या पाण्यात जोराने खळबळून घ्या आणि पिळा. वरचा काडीकचरा उचलून टाका. मोठी गोगलगाय दिसली तर फेकू नका, वेगळ्या वाटीत ठेवा. तिचं काम पुढे आहे. गाळ खाली बसेपर्यंत थांबा आणि मग टॉर्च आडवा धरून बघा. पांढऱ्या तळावर वळवळणारे दोरे दिसू लागतील.

हाताने वेचत बसण्यापेक्षा माझ्या मते सोपी युक्ती अशी: सगळा गाळ बरणीत भरा, वर तीन-चार बोटं पाणी ठेवा, तोंडाला जाळी बांधा आणि बरणी रात्रभर सावलीत ठेवा. गाळातले जिवाणू रात्रभरात तळाचा प्राणवायू संपवतात. मग कृमी आपणहून वर येतात आणि सकाळी पाण्याच्या रेषेजवळ काचेला चिकटलेले सापडतात. ड्रॉपरने उचलायचं तेवढं उरतं.

पाण्याबद्दल एक सूचना. पालिकेच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि या नाजूक कातडीच्या प्राण्यांना ते झेपत नाही. पसरट भांड्यात, वर जाळी घालून, पाणी एक दिवस उघडं ठेवा आणि मग वापरा. घाई असेल तर ॲक्वेरियमच्या दुकानात मिळणारे क्लोरीन मारायचे थेंब चालतात. स्वयंपाकघरातल्या आरओ फिल्टरचं नुसतं पाणी घेऊ नका. त्यात क्षार फारच कमी उरलेले असतात.

आधी तोतयांना बाजूला काढा

सर्वांत मोठा तोतया म्हणजे लाल अळी. कायरोनोमिड नावाच्या, डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या माशीची ही पिल्लं. टाकीतून नळात उतरणारे ‘लाल किडे’ बहुतेक वेळा हेच असतात. तिला तपकिरी, कडक डोकं असतं. डोक्यामागे आणि शेपटीपाशी आखूड खोट्या पायांची जोडी असते. ती अंगाचा आठचा आकडा करत पोहते. आपल्या कृमीला कडक डोकं नसतं, पाय नसतात.

गोलकृमी सुद्धा काचेवर दिसतात. त्यांना वलयं नाहीत, रोम नाहीत आणि अंग लांबवता-आखडता येत नाही; ते फक्त चाबकासारखे इकडून तिकडे आपटत राहतात. वलयांकित कृमी मात्र आधी बारीक आणि लांब होतो, मग जाड आणि आखूड. प्लॅनेरिया चपटा असतो, त्याचं डोकं बाणाच्या टोकासारखं असतं आणि तो काचेवरून सरकत जातो. जळवेला दोन्ही टोकांना चूषक असतात. बाथरूमच्या जाळीतून निघणारी काळपट, पाठीवर पट्ट्या असलेली अळी ही मोरीवरच्या केसाळ पंखांच्या माशीची. तिचा आणि आपला काही संबंध नाही.

काचपट्टी लावणं

कृमीला एका थेंबात काचपट्टीवर घ्या. वर झाकणकाच तशीच टाकली तर तो चिरडतो, म्हणून तिच्या चारही कोपऱ्यांना खालून व्हॅसलीनचा बारीक ठिपका लावा आणि मग अलगद ठेवा. टिपकागदाने कडेचं पाणी थोडं थोडं ओढून घ्या. काच खाली येत जाते आणि प्राणी न चिरडता जागेवर अडकतो. ओढणं कधी थांबवायचं ते दोन-तीनदा केल्यावर हाताला कळतं.

तरीही वळवळ थांबत नसेल तर पानवाल्याकडचा साधा सोडा आणा. ताज्या उघडलेल्या बाटलीतला एक थेंब झाकणकाचेच्या कडेला सोडा. कार्बन डायऑक्साइडने कृमी गुंगतो आणि सैलावतो. लगेच बघून घ्या आणि नंतर साध्या पाण्यात सोडा, तो पुन्हा चालू लागतो. लिंबू सोडा किंवा मसाला सोडा आणलात तर प्राणी मरेल, एवढं लक्षात असू द्या.

काय बघायचं, कुठल्या क्रमाने

आधी लहान भिंगावर पूर्ण प्राणी बघा. पुढचं टोक कोणतं? ज्या टोकाने तो चाचपतो, ते. तोंडाच्या वर ओठासारखा एक भाग असतो. तो गोल आहे, रुंद आहे, की सोंडेसारखा लांब, हे आधी टिपून घ्या. मग डोळे. दोन काळे ठिपके असतील किंवा नसतील. प्रतिमा दिसण्याइतके ते प्रगत नसतात, उजेड-अंधार कळण्यापुरते.

मग शेपूट. नुसती निमुळती आहे की तिथे बोटांसारखे कल्ले आहेत? कल्ले असतील तर घाई करू नका. त्यावरचे केसल हलताना दिसतात आणि आजूबाजूचे कण वाहत जाताना दिसतात. बऱ्याच जातींत आतड्याच्या शेवटच्या भागात गुदद्वारातून पाणी आत ओढलं जातं आणि तिथेही श्वसन चालतं. विद्यार्थ्यांना हे सांगितलं की ते हसतात, आणि मग नेत्रिकेवरून उठत नाहीत.

पाठीकडची रक्तवाहिनी दाबून-सोडून मागून पुढे रक्त ढकलते. गांडुळाचंच हे छोटं रूप, पण इथे अंग पारदर्शक असल्याने चिरफाड करावी लागत नाही. आतड्यात काय आहे तेही बघा: हिरवं शेवाळ, डायॲटम या सूक्ष्म शेवाळाच्या काचेरी पेट्या की नुसती माती. जेवणाची चौकशी एवढ्यात होते.

आता मोठं भिंग आणि रोम. शालेय पुस्तकात यांना दृढरोम म्हणतात. सहसा प्रत्येक वलयावर चार जुडगे असतात, दोन पाठीकडे आणि दोन पोटाकडे. पोटाकडचे रोम आकड्यासारखे वाकडे आणि टोकाला दोन दातांचे असतात. त्यांनी प्राणी तळ पकडतो. पाठीकडच्या जुडग्यात बऱ्याचदा केसासारखे लांब, सरळ रोम असतात. पाठीकडचे जुडगे पुढून कितव्या वलयापासून सुरू होतात ते मोजा. ओळखीचं सर्वांत भरवशाचं माप हेच.

आपल्याकडे भेटणारी मंडळी

ईओलोसोमा सर्वांत लहान, बहुतेक जाती जेमतेम काही मिलिमीटरच्या. अंगभर तेलाच्या थेंबांसारखे नारिंगी, हिरवे किंवा पिवळट ठिपके. पुढचा ओठ रुंद, खाली केसल. त्यांच्या जोरावर तो वळवळ न करता तळावरून सरकत जातो. पूर्वी याला गोड्या पाण्यातल्या ऑलिगोकीटांत, म्हणजे गांडुळाच्या गटात मोजत. आता तो त्या गटाबाहेरचा मानला जातो. पण भेटतो त्यांच्याच शेजारी, म्हणून इथे आला.

नाइस म्हणजे या टोळीतला सर्वसामान्य गृहस्थ. गोल ओठ, बहुधा डोळ्यांचे दोन ठिपके, पाठीकडचे रोम साधारण सहाव्या वलयापासून. फिशटँकच्या काचेवर दिसणाऱ्या पांढऱ्या दोऱ्यांत तो आणि त्याचे नातलग असतात. लांब सोंड आणि पाठीचे रोम थेट दुसऱ्या वलयापासून सुरू होत असतील आणि डोळे नसतील, तर तो प्रिस्टिना. सोंड आहे, डोळेही आहेत आणि पाठीचे रोम सहाव्यापासून आहेत, तर तो स्टायलारिया. सोंड बघून लगेच नाव घ्यायचं नाही, ते यासाठी.

डेरो माझा सर्वांत आवडता. त्याच्या शेपटीला एक वाटी असते आणि वाटीतून कल्ल्यांची बोटं पसरतात. तो गाळाची नळी करून राहतो आणि फक्त शेपूट बाहेर ठेवतो. त्याचा सख्खा नातलग ऑलोफोरस. याच्या वाटीला कल्ल्यांखेरीज दोन लांब दांडे असतात. तो पानांचे तुकडे, बिया, मिळेल ते चिकटवून घर बांधतो आणि ते अंगाखांद्यावर घेऊन फिरतो. मुंबईत भाड्याचं घर बदलणाऱ्याला त्याचा हेवाच वाटावा.

कीटोगॅस्टर मात्र वेगळ्या स्वभावाचा. पाठीकडे रोमच नाहीत, अंग काचेसारखं पारदर्शक, आणि चक्क शिकारी. बाजूला ठेवलेली गोगलगाय आता काढा. डबक्यांत सर्रास मिळणारी चपट्या गुंडाळीची इंडोप्लॅनॉर्बिस किंवा टोकदार शंखाची लिम्निया चालेल. वाटीत अगदी थोडं पाणी घ्या आणि तिला फिरू द्या. शंखाच्या कडेजवळ, मानेपाशी बारीक पांढरे दोरे हलताना दिसले तर तो गोगलगायीवर राहणारा कीटोगॅस्टर. गोगलगायीत शिरायला किंवा तिच्यातून बाहेर पडायला निघालेली चपट्या कृमींची पिल्लं तो मटकावतो. गुराढोरांना बाधणाऱ्या यकृतकृमीसारख्या परजीवींचा प्रवास गोगलगायीतूनच होतो. त्यामुळे हा छोटा शिकारी कुठल्या पंक्तीला बसलाय ते कळतं.

दुकानातल्या ट्युबीफेक्सच्या गुंत्याकडे वळू. लाल रंग रक्तात विरघळलेल्या, हिमोग्लोबिनसारख्या द्रव्याचा. डोकं चिखलात, शेपूट वर पाण्यात, असं हे जगतात: चिखल खायचा खाली आणि श्वास घ्यायचा वर. गुंत्यातल्या ज्यांच्या पाठीच्या जुडग्यात केसासारखे लांब रोम आहेत ते ट्युबीफेक्स असू शकतात; ज्यांच्यात ते नाहीत ते बहुधा लिम्नोड्रिलस. शेपटीकडच्या भागावर वर आणि खाली कल्ल्यांच्या झालरी असतील तर तो ब्रँकियुरा. त्याचं शास्त्रीय वर्णन १८९२ साली लंडनच्या एका बागेत, महाकाय कमळाच्या उबदार टाकीत सापडलेल्या नमुन्यावरून प्राणिशास्त्रज्ञ बेडार्ड यांनी केलं. प्राणी मूळचा आशियाकडचा. वनस्पतींबरोबर विनातिकीट तिकडे पोचला असावा.

जातीपर्यंत जायचं असेल तर जिनिअसवर, म्हणजे नाइस, डेरो अशा गटाच्या नावावर, थांबून चालणार नाही. तिथे रोमांच्या दातांची लांबी मोजावी लागते. भारतातल्या जातींचं जुनं पण अजून उपयोगी काम जे. स्टीफन्सन यांचं, १९२३ सालचं. पुढे के. वनमाला नायडू यांनी दक्षिण भारतातल्या गोड्या पाण्यातल्या ऑलिगोकीटांवर १९६१ पासून लेखमाला लिहिली, ती आपल्या फोर्टातल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात. विद्यार्थ्यांनी हॉर्नबिल हाउसच्या ग्रंथालयात चौकशी करावी.

एकाचे दोन होताना

या सगळ्या लेखातला सर्वांत बघण्यासारखा भाग हा. नाइस, डेरो, प्रिस्टिना यांच्या अंगाच्या मध्यावर कधी कधी एक दाट, फिकट पट्टा दिसतो. तिथे वलयं फार बारीक आणि गर्दीने असतात. हा विभाजनाचा पट्टा. त्याच्या पुढच्या अर्ध्यात पुढच्या कृमीची नवी शेपूट तयार होते आणि मागच्या अर्ध्यात मागच्या कृमीचं नवं डोकं. तोंड, मेंदू, असतील तर डोळे, सगळं तयार झाल्यावरच दोघं सुटतात. सुटण्याआधी आतडं दोघांचं एकच असतं, म्हणजे पुढचा खातो आणि मागच्याचं पोट भरतं. खाणंपिणं भरपूर असेल तर पहिला पट्टा पूर्ण होण्याआधीच दुसरा सुरू होतो आणि तीन-चार जणांची साखळी दिसते.

आता वर मोजलेला आकडा आठवा. नाइसच्या पाठीचे रोम सहाव्या वलयापासून का सुरू होतात? कारण पट्ट्यात नव्याने बनणारं डोकं साधारण पाच वलयांचं असतं आणि त्या वलयांवर पाठीकडे रोम उगवतच नाहीत. प्रिस्टिना नवं डोकं सात वलयांचं करतो आणि त्यावर दुसऱ्यापासूनच रोम असतात. ओळखीची खूण आणि प्राणी घडण्याची रीत इथे एकाच जागी सापडतात. नुसता तक्ता पाठ करणाऱ्याला हे दिसत नाही.

एक प्रयोग करून बघा. पट्टा नसलेला, धडधाकट प्रिस्टिना काचपट्टीवर घ्या, सोड्याने गुंगवा आणि नव्या ब्लेडने डोक्यामागे आडवा कापा. मागचा तुकडा स्वच्छ पाण्याच्या छोट्या वाटीत ठेवा; खायला घालू नका, तोंडच नाही. रोज बघा. आधी जखम बंद होते, मग टोकाला पारदर्शक कोंब येतो, आणि चार-पाच दिवसांत बहुधा नवं डोकं चाचपायला लागतं. जिनिव्हाचे निसर्गअभ्यासक शार्ल बोने यांनी १७४१ साली गोड्या पाण्यातले कृमी असेच कापून बघितले होते, तेव्हा युरोपात खळबळ उडाली होती.

अंडी घालण्याची रीतही यांच्यात आहे. प्रत्येक प्राणी नर आणि मादी दोन्ही असतो. पण नाइसच्या गोतावळ्यात ती वेळ क्वचित येते. ट्युबीफेक्स मात्र मुख्यतः अंड्यांवरच चालतो. त्याच्या गुंत्यात लिंबासारख्या आकाराचे पारदर्शक कोश सापडले तर भिंगाखाली घ्या, आत पिल्लं हलताना दिसतात.

ट्युबीफेक्सचा प्राणवायूचा प्रयोग

दोन सारख्या अरुंद बाटल्यांत दोन बोटं बारीक गाळ घाला आणि प्रत्येकीत चिमूटभर ट्युबीफेक्स सोडा. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते गाळात रुजतील. एका बाटलीत ॲक्वेरियमच्या पंपाची हवा हळू सोडा. दुसरीत उकळून, झाकून गार केलेलं पाणी नळीने अलगद भरा आणि काठोकाठ बूच लावा. थोड्या वेळाने बघा. बंद बाटलीतल्या शेपट्या जास्त लांब बाहेर आलेल्या आणि जास्त जोरात हलताना दिसतील. प्राणवायू कमी झाला की ते जास्त अंग बाहेर काढतात. झाल्यावर बूच लगेच उघडा.

म्हणूनच नाल्याच्या तळावर लाल गालिचा दिसला की तिथे सेंद्रिय घाण भरपूर आणि प्राणवायू कमी आहे असं समजावं. हे कृमी घाण करत नाहीत; इतरांना जिथे श्वास घेता येत नाही तिथे ते टिकतात.

घरी पाळायचे तर

ईओलोसोमा आणि नाइससाठी काचेची पसरट वाटी, दोन-तीन इंच पाणी आणि उकडलेल्या गव्हाचे दोन-तीन दाणे पुरतात. दाण्याभोवती जिवाणू आणि सूक्ष्मजीव वाढतात, कृमी ते खातात. दाण्यांभोवती बुरशीचा कापूस आला किंवा पाण्याला आंबूस वास यायला लागला तर दाणे काढा आणि अर्धं पाणी बदला. मुंबईतल्या घरात वर्षभर ऊब असते, त्यामुळे काही दिवसांत संख्या दुप्पट होते. हीटर लागत नाही. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेच्या खिडकीत मात्र वाटी ठेवू नका.

डेरो आणि ऑलोफोरसना बसायला जागा लागते. बरणीत देशी बदामाची दोन वाळकी पानं टाका. रस्त्यावरच्या झाडाखाली ढिगाने पडलेली असतात. आधी धुऊन उकळत्या पाण्यातून काढा. पानं कुजत जातात तशी तीच घर आणि तीच शिधा. वरून आठवड्यातून एक-दोनदा स्पिरुलिनाची किंवा सुकवलेल्या पालकाची चिमूट. खाणं कमी पडलेलं चालतं, जास्त झालेलं नाही.

ट्युबीफेक्स सांभाळणं किचकट. गुंता मोठा असेल तर मधले गुदमरतात आणि कुजतात. थोडेच घ्या, पसरट डब्यात जेमतेम बुडतील एवढं पाणी ठेवा, दिवसातून दोनदा बदला आणि डबा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. डब्यावर नाव घालायला विसरू नका, नाहीतर घरात महाभारत होईल. माशांना घालायचे असतील तर आधी दोन-तीन दिवस असं धुणं चालू ठेवा. हे बहुधा सांडपाण्यातून आलेले असतात; पोटातली घाण धुऊन निघते, पण अंगात मुरलेले जड धातू निघत नाहीत. म्हणून मी महागड्या माशांना रोजचं खाणं म्हणून ते सुचवत नाही.

बरणीच्या तोंडावर मच्छरदाणीची दाट जाळी घट्ट बांधा. साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा एडिस डास अंडी घालतो आणि पालिकेचे कीटकनाशक विभागाचे लोक घरोघर तपासायला येतात. त्यांना बरणीत डासाची अळी सापडली तर ‘हा शास्त्रीय प्रयोग आहे’ हे ऐकून घेतलं जाणार नाही, आणि घेऊही नये.

टाकीत किंवा फिशटँकमध्ये नको असतील तेव्हा

फिशटँकमध्ये ते थोडे असतीलच, आणि असू द्यावेत. माशांचं उरलेलं तेच संपवतात. काचेवर शेकड्याने दिसले तर तुम्ही खाणं जास्त घालता आहात. खाणं निम्मं करा, खडीतला गाळ नळीने ओढून काढा, आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला. गप्पी उरलेलं काम करतात. कृमी मारायचं औषध ओतू नका. मेलेले कृमी एकदम कुजून पाणी बिघडवतात.

सोसायटीच्या टाकीतून असा कृमी आला तर त्याच्यामुळे पोटात जंत होत नाहीत. तो माणसाच्या आतड्यात राहणारा नाही. पण टाकीत गाळ साचलाय, हे त्यातून नक्की कळतं. टाकी रिकामी करून घासा, क्लोरीनचं पाणी फिरवा, झाकण नीट बसतंय का आणि हवेच्या पाइपला जाळी आहे का ते बघा. साफ केल्यावरही येत राहिले तर खालच्या टाकीत किंवा जमिनीखालच्या पाइपात बाहेरून पाणी शिरतंय का याची तपासणी करून घ्या, आणि तोवर पाणी उकळून प्या.

नमुना जपून ठेवायचा असेल तर

व्हिडिओ आणि मोजमाप झाल्यावरच. सोड्याने पूर्ण सैलावू द्या, मग ४ टक्के फॉर्मॅलिन किंवा ७० टक्के अल्कोहोल. पुढे डीएनए बघायचा असेल तर फॉर्मॅलिन अजिबात नको, थेट ९५ टक्के अल्कोहोल. रोम बघायला ग्लिसरीनमध्ये काचपट्टी लावा; एक-दोन दिवसांत अंग पारदर्शक होतं. चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहा आणि बाटलीच्या आत टाका, कारण बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते. तारीख, जागा, कशावर सापडला (मुळं, गाळ, गोगलगाय, स्पंज) आणि जिवंतपणी काय दिसलं, हे चारही लिहा. नाव नंतर लिहिता येतं.

उरलेली बरणी तलावात, नाल्यात किंवा संडासात ओतायची नाही. दुकानातून आणलेल्या कृमींबरोबर कुठले परजीवी आले असतील सांगता येत नाही. बरणीत उकळतं पाणी ओता, गार होऊ द्या आणि कुंडीतल्या झाडांना घाला.